चर्चची जागा कोणाची?



आजचा विषय धर्मस्थळाचा असला तरी धर्मशास्त्राचा नाही. चर्चच्या इमारतीला चतुःसीमा असतात, कागदावर मालकाचे नाव असते, बाजारभाव असतो. म्हणजे ती स्थावर मालमत्ता आहे यात वाद नाही. तरीही घर, दुकान किंवा गिरणी ज्या अर्थाने मालमत्ता असते त्या अर्थाने ती मालमत्ता नाही. हा फरक कशात आहे ते मला तपासायचे आहे, आणि माझे म्हणणे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. चर्चच्या वास्तूत साठलेल्या मूल्याचा मोठा भाग तिच्या कायदेशीर मालकाने निर्माण केलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लहानमोठ्या देणग्या, सरकारने दिलेली करमाफी आणि आजूबाजूच्या वस्तीचा रोजचा वापर यांतून तो तयार होतो. म्हणून अशी वास्तू विकायची किंवा पाडायची वेळ आली की मालकाबरोबर त्या वस्तीचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे. आणि ज्या वस्तीला आपले म्हणणे ऐकले जावे असे वाटते, तिने छपराच्या दुरुस्तीचा भारही उचलला पाहिजे. या विधानाचा दुसरा भाग बहुधा विसरला जातो. तो विसरला की पहिला भाग हा मालकावर केलेला अन्याय ठरतो.

उदाहरणासाठी मी न्यूयॉर्क शहर निवडले आहे. जमिनीचा भाव जिथे टोकाला पोचतो तिथे मालकीचे प्रश्न झाकून राहत नाहीत, आणि तिथले वाद न्यायालयात गेल्यामुळे दोन्ही बाजूंची म्हणणी नोंदलेली आहेत. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च उभे आहे. १६९७मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि १७०५मध्ये राणी अ‍ॅनने त्याला जमीन इनाम दिली. ही जमीन सुमारे २१५ एकर होती असे सांगितले जाते. त्या वेळी ते शहराबाहेरचे शेत होते. पुढच्या दीडशे वर्षांत शहर उत्तरेकडे पसरत गेले आणि शेताचे भूखंड झाले. आज चर्चकडे त्यातले साधारण १४ एकर उरले आहेत, तरीही २०१९च्या सुमारास त्याची एकूण मत्ता सहा अब्ज डॉलरच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. २०१५मध्ये हडसन स्क्वेअर भागातल्या ११ इमारतींमधला ४४ टक्के हिस्सा ७५ वर्षांसाठी नॉर्वेच्या सार्वभौम निधीने १५६ कोटी डॉलर देऊन घेतला. २०१८मध्ये डिस्ने कंपनीने तिथलाच एक मोठा भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने ६५ कोटी डॉलरला घेतला.

ही किंमत कोणी निर्माण केली? ट्रिनिटीच्या विश्वस्तांनी जमीन राखली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण शेताचा भूखंड झाला तो बंदरामुळे, रस्त्यांमुळे, भुयारी रेल्वेमुळे आणि लाखो स्थलांतरितांच्या श्रमांमुळे. हेन्री जॉर्ज १८८६मध्ये त्याच शहरात महापौरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा जमिनीचा वाढलेला भाव हा समाजाने निर्माण केलेला आहे, हाच त्यांचा सिद्धान्त होता. त्यांचा उपाय जमिनीवरच्या कराचा होता आणि तो माझा आजचा मुद्दा नाही. पण मूल्य कोठून येते याचे त्यांचे निदान चर्चच्या जमिनीला जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

ट्रिनिटीच्या इतिहासातले एक प्रकरण मला विशेष बोलके वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चर्चच्या जमिनीवर कष्टकऱ्यांच्या दाटीवाटीच्या चाळी होत्या. प्रत्येक मजल्यावर पाण्याची सोय केली पाहिजे असा कायदा १८८७मध्ये झाला. चर्चने तो पाळला नाही, म्हणून शहराच्या आरोग्य खात्याने चर्चवर खटला भरला. भाडेकरूंसाठी नळ बसवण्याची सक्ती हे मालमत्तेच्या हक्कावरचे आक्रमण आहे, असा बचाव चर्चने केला आणि खालच्या न्यायालयाने तो मानलाही. १८९५मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. पाण्याचा नळ न देण्याचा हक्क मागणारी ही संस्था रविवारी तहानलेल्याला पाणी देण्याचा उपदेश करत होती, असे म्हणून तिला ढोंगी ठरवणे सोपे आहे. मला त्यात रस नाही. माझ्या मते तिथे एकाच नावाखाली दोन व्यक्ती नांदत होत्या. एक म्हणजे उपासकांचा मेळा, दुसरी म्हणजे जमीनदार संस्था. जमिनीची किंमत जसजशी वाढते तसतशी दुसरी व्यक्ती पहिलीच्या नावाने निर्णय घेऊ लागते. ट्रिनिटीच्याच सेंट जॉन्स चॅपेलचे तेच झाले. १८०७मध्ये पूर्ण झालेल्या या देखण्या उपचर्चसमोर एक बाग होती. १८६०च्या दशकाच्या अखेरीस बागेची जागा रेल्वेच्या मालधक्क्यासाठी दहा लाख डॉलरला विकली गेली. बाग गेल्यावर सुखवस्तू वस्ती उठून गेली, वस्ती गेल्यावर चॅपेल रिकामे पडले असा हिशेब झाला, १९०९मध्ये ते बंद करण्यात आले आणि १९१८मध्ये पाडण्यात आले. जे उपासक अजून येत होते त्यांच्या विरोधाचा उपयोग झाला नाही. इमारत रिकामी होण्याची कारणे बहुतेक वेळा आधीच्याच एखाद्या विक्रीत सापडतात, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते.

चर्चच्या आतही बाजार पूर्वी होताच. त्या काळी प्रार्थनेचे बाक भाड्याने दिले जात, विकले जात, वारसाहक्काने मुलाकडे जात. वेदीजवळच्या बाकाला जास्त दर आणि मागच्या बाकाला कमी. रिचर्ड अपजॉन या वास्तुकाराने १८४०च्या दशकात मॅनहॅटनमध्ये बांधलेले चर्च ऑफ द होली कम्युनियन हे बाकाचे भाडे न घेणारे तिथले पहिले चर्च मानले जाते. पुढे याच वास्तूत व्यसनमुक्ती केंद्र आले, १९८३मध्ये लाइमलाइट नावाचा नाइटक्लब आला आणि २०१०मध्ये दुकाने आली. भिंती टिकल्या, यात समाधान आहे. पण ज्या दारातून पैसे न देता आत जाता येत होते त्या दारातून आत जाण्याचे मूल्य पुढे आकारले जाऊ लागले. जतन म्हणजे दगडांचे जतन एवढाच अर्थ घेतला तर हा पुनर्वापर यशस्वी म्हणावा लागेल. माझ्या अर्थाने तो अर्धाच यशस्वी आहे.

आता मुख्य वादाकडे येऊ. पार्क अव्हेन्यूवर सेंट बार्थोलोम्यूज हे बायझंटाइन धाटणीचे चर्च आहे. १९६७मध्ये शहराने ते वारसा यादीत घातले. १९८०च्या दशकात चर्चच्या नेतृत्वाने शेजारचे आपले समाजगृह पाडून तिथे ५९ मजली कार्यालयीन मनोरा बांधायचे ठरवले. भाड्याच्या उत्पन्नातून बेघरांसाठीचे काम वाढवता येईल असे त्यांचे म्हणणे होते. वारसा आयोगाने परवानगी नाकारली. ४७ मजल्यांचा सुधारित आराखडाही नाकारला. चर्चने न्यायालयात दोन मुद्दे मांडले. आमच्या धर्मस्वातंत्र्यावर हा घाला आहे, आणि भरपाई न देता आमची मालमत्ता हिरावून घेतली जात आहे. संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९९०मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे लक्ष घालण्यास नकार दिला. निर्बंधामुळे चर्चचे संभाव्य उत्पन्न घटते हे अपील न्यायालयाने मान्य केले होते. पण कायदा सर्वांना सारखा लागू आहे आणि चर्चला त्याच इमारतीत आपले काम चालू ठेवता येते, एवढे त्याला पुरेसे वाटले.

मला हा निकाल योग्य वाटतो आणि तरीही अपुरा वाटतो. योग्य यासाठी की जास्तीत जास्त भाव मिळवण्याचा हक्क हा उपासनेच्या हक्काचा भाग होऊ शकत नाही. तसे मानले तर प्रत्येक धर्मसंस्था ही सर्व नियमांतून सुटलेली बांधकाम कंपनी होईल. अपुरा यासाठी की जतनाचा फायदा सगळ्या शहराला आणि खर्च मात्र एकट्या मंडळीला, ही वाटणी न्यायालयाने जशीच्या तशी राहू दिली. ती दुरुस्त करण्याचा एक मार्ग शहराकडे होता आणि तो त्याने नंतर रुंद केला. मुंबईकरांना टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, परिचित आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याच धर्तीवर वास्तूच्या डोक्यावरचे न वापरलेले बांधकाम दुसऱ्या भूखंडाला विकता येते. २००५मध्ये पार्क अव्हेन्यूवरच्याच एका मेथडिस्ट चर्चने अशा हक्कासाठी चौरस फुटाला ४३० डॉलर असा तेव्हाचा गाजलेला भाव मिळवला. पण विक्री शेजारच्या भूखंडांपुरतीच असल्याने अनेक वारसावास्तूंना गिऱ्हाईकच मिळत नसे. २०१७मध्ये ईस्ट मिडटाउनचे नियम बदलले आणि त्या संपूर्ण भागात कुठेही हे हक्क विकण्याची मुभा मिळाली. विक्रीच्या २० टक्के किंवा ठरवलेला किमान दर, यांपैकी जास्त असेल ती रक्कम रस्ते, चौक आणि स्थानकांच्या सुधारणेसाठी द्यायची आणि विकणाऱ्या वास्तूने देखभालीची योजना सादर करायची, अशा अटी घातल्या गेल्या. सेंट बार्थोलोम्यूजने आपल्या हक्कांतला काही भाग जेपी मॉर्गन बँकेच्या नव्या मुख्यालयासाठी विकला. १९८०च्या दशकात जे उत्पन्न पाडल्याशिवाय मिळणार नाही असे वाटत होते, त्यातले काही न पाडता मिळाले. विक्रीतला वाटा शहराला आणि देखभालीची हमी इमारतीला, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मी म्हणते तशी वाटणी इथे कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच येतो: दगडविटा विका आणि पैसे गरिबांना द्या, येशूच्या शिकवणीला हेच धरून आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण चर्चची इमारत गरिबांच्या काय उपयोगी पडते हे आधी पाहावे लागेल. अमेरिकेतल्या जुन्या शहरी चर्चचा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले राम क्नान आणि पार्टनर्स फॉर सेक्रेड प्लेसेस या संस्थेने केला आणि १९९८मध्ये प्रसिद्ध केला. या इमारतींमध्ये चालणाऱ्या अन्नछत्र, पाळणाघर, व्यसनमुक्तांच्या बैठका, शिकवण्या अशा उपक्रमांचा लाभ घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के लोक त्या चर्चचे सदस्य नव्हते. अनेक उपक्रमांना ही जागा फुकट किंवा नाममात्र दरात मिळत होती. इमारत विकून आलेला पैसा एकदा वाटला जाईल. त्याच भागात तेवढे दालन, स्वयंपाकघर आणि तळघर भाड्याने घ्यायचे झाले तर तो किती वर्षे पुरेल, हा हिशेब विक्रीचा ठराव करणाऱ्यांच्या टेबलावर क्वचितच येतो. जिथे तो येतो आणि तरीही विक्रीच गरिबांच्या हिताची ठरते, तिथे माझा विरोध नाही. सेंट पीटर्स या लुथरन मंडळीने लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरची आपली जुनी इमारत सिटीकॉर्पच्या मनोऱ्यासाठी दिली, पण त्याच कोपऱ्यावर मनोऱ्यापासून वेगळे, रस्त्यावरून थेट आत जाता येईल असे नवे चर्च बांधून देण्याची अट घालून. १९७७मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा चार उंच खांबांवर उभा आहे आणि ते खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर आहेत, याचे कारण तो कोपरा चर्चला हवा होता. जगातल्या एका बलाढ्य बँकेला आपल्या इमारतीचे पाय सरकवावे लागले, कारण विकणाऱ्याला आपण काय विकत नाही आहोत हे पक्के माहीत होते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. उपासकच उरले नसतील तर काय? मॅनहॅटनच्या पश्चिम भागातल्या वेस्ट-पार्क प्रेस्बिटेरियन चर्चची मंडळी डझनभरावर आली होती. त्यांचा विरोध डावलून शहराने २०१०मध्ये इमारत वारसा यादीत घातली. दुरुस्ती परवडत नाही म्हणून २०२२मध्ये त्यांनी पाडण्याची परवानगी मागितली. एक विकासक ३ कोटी ३० लाख डॉलर द्यायला तयार होता. शेजाऱ्यांनी आणि तिथे नाटके करणाऱ्या कलावंतांनी कडाडून विरोध केला. २०२४च्या जानेवारीत अर्ज मागे घेतला गेला, पण वाद मिटला नाही. इथे माझी सहानुभूती विभागली जाते. त्या डझनभर लोकांना आयुष्यभर कोसळत्या दगडांचे पहारेकरी करून ठेवण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही. पण त्या डझनभर लोकांनी ती इमारत बांधलेली नाही. ज्यांनी बांधली ते एकोणिसाव्या शतकातले होते, आणि त्यानंतर शतकभर शहराने तिच्यावरचा मालमत्ता कर सोडून दिला. हे सोडून दिलेले पैसेही एक प्रकारची सार्वजनिक गुंतवणूकच आहे. शेवटच्या मूठभर सदस्यांकडे इमारतीचा ताबा असतो. संपूर्ण मूल्यावर त्यांचा हक्क कशाने पोचतो, याचे समाधानकारक उत्तर मला कुणाच्या युक्तिवादात आढळले नाही. आणि विरोधाचे फलक हातात घेणाऱ्यांनी दुरुस्तीचा निधी उभा केला नाही तर त्यांचा हक्कही तितकाच दुबळा आहे.

इतर देशांनी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च आहेत आणि त्यांतली १२ हजारांहून अधिक संरक्षित यादीत आहेत. १९६९पासून तिथे चर्च बंद करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. प्रस्तावाची जाहीर नोटीस लागते, कुणालाही, मग तो उपासक असो वा नसो, लेखी हरकत घेता येते, आणि विकताना पुढच्या वापरावर करारानेच बंधने घालता येतात. ज्यांना पर्यायी उपयोग सापडत नाही पण ज्यांचे वास्तुमूल्य मोठे आहे अशी साडेतीनशेच्या आसपास चर्च एका स्वतंत्र न्यासाकडे गेली आहेत. त्याला सरकार आणि चर्च दोघेही पैसे देतात. फ्रान्सची वाट त्याहून धीट आहे. १९०५च्या कायद्यानंतर तिथली जुनी पॅरिश चर्च नगरपालिकांच्या मालकीची राहिली, कॅथीड्रल राज्याच्या मालकीची, आणि उपासनेचा विनाशुल्क हक्क मंडळींचा. २०१९मध्ये नोत्र दाम जळाले तेव्हा जळालेली मालमत्ता फ्रेंच राज्याची होती. मालकी आणि वापर वेगळे करता येतात, हे या व्यवस्थेने शंभर वर्षे दाखवून दिले आहे. मात्र नगरपालिकेच्या तिजोरीत पैसे नसले की सार्वजनिक मालकीही वाचवत नाही. आबव्हिल गावातले सेंट-जाक चर्च २०१३मध्ये नगरपालिकेनेच पाडले.

नुसती मालकी बदलून काही साधत नाही, याचा पुरावा आपल्याला गोव्यातही मिळतो. पोर्तुगीज सरकारने १८३०च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा ऑगस्टिनियन मठ आणि त्याचे भव्य चर्च १८३५मध्ये ओस पडले. १८४२मध्ये त्याचे कमानदार छत कोसळले आणि १९३१मध्ये दर्शनी भागाचा मोठा हिस्सा पडला. आज तिथे मनोऱ्याचा अवशेष उभा आहे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी असलेले बॉम जेझूस चर्च मूळ जेझुइटांचे. त्यांचीही हकालपट्टी १७५९मध्ये झाली होती, पण तिथली उपासना आणि यात्रा थांबली नाही, म्हणून ती इमारत टिकली. लोकांचे जाणे-येणे चालू राहिले की गळके छप्पर कुणाच्या तरी नजरेस पडते आणि पावसाळ्याआधी दुरुस्त होते. मुंबईत परळला पोर्तुगीज काळातला एक ख्रिस्ती मठ होता. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने तो घेतला, पुढे तो गव्हर्नरांचा निवास झाला आणि १८९९पासून तिथे हाफकिन या शास्त्रज्ञांची प्लेगवरची प्रयोगशाळा चालली. धर्म गेला, पण वापर राहिला, आणि तोही सार्वजनिक हिताचा. इमारत आजही उभी आहे.

तिसरा आक्षेप धर्मनिरपेक्षतेचा. सार्वजनिक पैसा प्रार्थनास्थळांवर का खर्च करावा? न्यू जर्सी राज्यात एका परगण्याने जतनासाठी बारा चर्चना ४६ लाख डॉलरहून जास्त अनुदान दिले होते. २०१८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. या निकालामागची भीती मला समजते. बहुसंख्यांच्या प्रार्थनास्थळाला जतनाच्या नावाखाली सरकारी तिजोरी खुली होण्याचा धोका कुठल्याही देशात खरा आहे. पण त्याला अनुदानाच्या अटीतूनच उत्तर देता येते. पैसा छप्पर, पाया आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी, वेदीसाठी नाही. पैसा घेणाऱ्याने दालन आठवड्यातले ठरावीक तास धर्म न विचारता वस्तीला खुले ठेवावे. हा नियम सर्व धर्मांच्या वास्तूंना सारखा असावा. अशी अट मान्य नसेल त्यांनी अनुदान मागू नये.

महाराष्ट्राच्या कायद्यात या विचाराला आधीपासून जागा आहे, पण ती अपुरी वापरली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६नुसार सार्वजनिक न्यासाला, मग तो चर्चचा असो, देवस्थानाचा किंवा इतर कुणाचा, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. न्यूयॉर्कच्या धार्मिक संस्थांच्या कायद्यातही न्यायालयाची किंवा महाधिवक्त्याची परवानगी लागते. दोन्हीकडे परवानगी देताना न्यासाचे हित पाहिले जाते, आणि हित म्हणजे मुख्यतः मिळणारी किंमत वाजवी आहे की नाही. मूल्यांकनाचा अहवाल जोडला जातो, निविदा मागवल्या जातात. वापराचा अहवाल कुणी मागत नाही. मुंबईतली बरीचशी चर्च रिकामी नाहीत, उलट भरलेली आहेत. तिथे धोका उपासक कमी होण्याचा नसून जमिनीचा भाव वाढण्याचा आहे, आणि विक्रीचा मोह मैदान, सभागृह, शाळेचे आवार अशा कडेच्या जागांपासून सुरू होतो. सेंट जॉन्स चॅपेलची घसरण बागेपासूनच सुरू झाली होती. म्हणून कलम ३६खालच्या अर्जासोबत गेल्या पाच वर्षांत त्या जागेत कोणकोणते उपक्रम चालले, किती लोकांनी त्यांचा लाभ घेतला, त्यांतले सदस्य किती आणि बाहेरचे किती, विक्रीनंतर ते उपक्रम कुठे जातील आणि त्याचा खर्च कोण देईल, याची नोंद मागितली जावी. ती नोंद वस्तीत मराठीत आणि तिथल्या इतर भाषांत लावावी, हरकतींची सुनावणी व्हावी, आणि हरकत मान्य झाली तर ठरावीक मुदतीत, समजा दोन वर्षांत, हरकतदारांनी व नगरपालिकेने देखभालीच्या निधीचा आपला भाग जमा करावा. मुदत टळली तर न्यासाला विकण्याची मुभा मिळावी. वारसावास्तूंना मुंबईत टीडीआर देण्याची तरतूद १९९५च्या नियमांपासून आहे. त्यातून येणाऱ्या रकमेचा काही भाग त्याच इमारतीच्या देखभाल निधीत बांधून ठेवण्याची अट न्यूयॉर्कप्रमाणे इथेही घालता येईल. यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. आयुक्तांच्या कार्यालयातल्या अर्जाच्या नमुन्यात एक पान वाढवून याची सुरुवात करता येईल.